डाव्या डोळ्यातली कडी

केस कापायचं काम शिकून ती नुकती बाहेर पडली, तेव्हाच डोळ्यांनी दगा दिला. बुबुळावरचा पारदर्शक पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येत होता. आरशात तिला एकाच गिऱ्हाइकाची दोन डोकी दिसायची. डॉक्टरीणबाईंनी त्या पडद्यात बारीक, अर्धगोल कड्या बसवायचा उपाय सुचवला.

दादा भडकला. "डोळ्यात प्लॅस्टिक? कात्री सोड आणि घरी बस. मी पोसतो तुला."

तिनं ऐकलं नाही. दोन्ही डोळ्यांत कड्या बसवून घेतल्या. चष्मा सुटला नाही, अंधार पडला की दिव्यांभोवती वलयं दिसायची, पण एकाचं एकच डोकं दिसू लागलं. तेवढ्या भांडवलावर तिनं स्वतःचं दुकान थाटलं, लोकांना नावं ठेवायला जागा उरली नाही. अशी कितीतरी वर्षं गेली.

मग एक दिवस डावा डोळा टोचायला लागला. लाल झाला, पाणी थांबेना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि खुर्ची जवळ ओढली.

"उजवी कडी जागच्या जागी आहे. डावीवरचा पडदा मात्र झिजलाय, ती वर येतेय. काढावी लागेल."

"म्हणजे सगळं पाण्यात गेलं?"

"नाही. इतकी वर्षं तिनं काम दिलं. काढल्यावर डोळा जवळपास कडी बसवण्याआधी होता तसा होईल, बरा नाही होणार. जखम भरली की मोठी, कडक लेन्स लावून बघू. तीही नाही जमली, तर पडदा बदलायचं बोलू."

"काढा," ती म्हणाली. "पण दुकान बंद करा म्हणू नका."

कडी काढल्यावर दादा भेटायला आला. टेकायच्या आधीच म्हणाला, "मी तेव्हाच सांगत होतो!"

"सांगत होतास. ऐकलं असतं, तर आजवर तुझ्या ओट्यावर भाजी निवडत बसले असते. दादा, ती वर्षं मी जगलेय. कडी निघाली म्हणून ती वर्षं थोडीच निघाली?"

दादाबरोबर आलेल्या वहिनीला हसू आवरेना.

लेन्सनं तिचा अंत पाहिला. कधी बोटाला चिकटून राहायची, कधी बेसिनमध्ये पडायची. एकदा तर तिनं वैतागून डबीच आपटली, रडून घेतलं, तोंड धुतलं आणि पुन्हा आरशासमोर उभी राहिली. हळूहळू हात बसला. लेन्स घातली की भिंतीवरच्या दरपत्रकातली बारीक अक्षरंही वाचता यायची. दिवस कलला की मात्र डोळा कुरकुरायचा. मग ती लेन्स काढून सरळ दुकानाला कुलूप घालायची. "उद्या या," म्हणायची. लोक यायचे.

एका सकाळी दादाच खुर्चीत येऊन बसला. तिनं कात्री उचलताच त्यानं डोळे घट्ट मिटले.

"उघड डोळे," ती म्हणाली. "मी काय करतेय ते नीट बघ."

त्यानं उघडले. तिनं कानामागची बट धरली आणि कापली.