पहिल्या नळीतला स्फटिक

"पैली माझी भाकर गाईच्या गं घासाला,
दुसरी बांधिते, लेक जाती साळंला…"

चुलीपुढं बसून भाकरी थापताना रंगूबाई असं गुणगुणायची. ती जाऊन कैक पावसाळे झाले; पण लेकीच्या, विजयमालाच्या कानात तो आवाज तव्याच्या धगीसारखा राहिला होता. म्हणून तर सांगलीच्या कॉलेजात तिच्या भट्टीतून पहिली काचनळी निघाली, तेव्हा तिनं आतला स्फटिक मोडला नाही. पहिल्या घासाला हात कसा लावायचा? कापसात गुंडाळून डबीत ठेवला. मोजमाप पुढच्यांवर करू, म्हणाली.

बिस्मथ आणि टेल्युरियम नळीत बंद करून वितळवायचे, मग सावकाश निववायचे. भाकरीच्या पापुद्र्यांसारखे थर धरत चकचकीत स्फटिक तयार होतो. त्याचा एक पापुद्रा सोडवून एक टोक तापवलं, दुसरं बर्फावर ठेवलं, की त्या उष्णतेतून इवलीशी वीज निघते. पण साल त्र्याहत्तरचं. वीज सारखी जायची, भट्टी मध्येच विझायची. घाईनं थिजलेले थर वेडेवाकडे बसायचे. वीज मोजणाऱ्या मीटरचा काटा सकाळी एक सांगे, दुपारी भलतंच.

आणि आज वडील आले होते. आकाराम, ती लहान असतानाच फौजेतून परतलेले, कडेगावच्या पहिल्या एस.टी.नं. बोलणं आधीच झालेलं: दसऱ्यापर्यंत हाती काही लागलं नाही तर शिक्षण पुरे, लोणंदचं स्थळ बघायचं. दसरा परवावर आला होता.

"लसूण लय खाती का गं?" दारातच त्यांनी नाक मुरडलं.

"टेल्युरियमचा वास हाय, आप्पा. अंगातनं जातच न्हाई."

"मग लोणंदवाल्यांना आधीच सांगाय पायजे."

तिला हसू आलं. तिनं डबी उघडली. त्या एका खेपेला वीज गेली नव्हती. थर कसे एका ओळीत, पाण्यावर ऊन पडावं तसे. मोडला आणि वाया गेला, तर दुसरा नव्हता. पण डबीत राहून तो तरी काय सांगणार होता?

तिनं डोळे मिटले, आईची मनातल्या मनात माफी मागितली, आणि पातं थरांमधून सरकवलं. पापुद्रा अलगद सुटला. एका टोकाला ऊब, दुसऱ्याला बर्फ. काटा उठला आणि थांबला. तिनं तारा सोडल्या, पुन्हा जोडल्या. काटा तिथंच. पुन्हा जोडल्या. तिथंच.

"जमलं?" आकारामांनी हळूच विचारलं.

"जमलं." ती स्टुलावर बसली. "पण आप्पा, पहिला घास मोडला मी. आई रागावली असती."

आकाराम शेजारच्या स्टुलावर टेकले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गाईनं ती भाकरी कवाच खाल्ली न्हाई, बाय."

"म्हंजी?"

"घरात समद्यांना एकेक. तुझ्याच फडक्यात दोन असायच्या. वरची कुणाची वाटली तुला? गोठ्याकडं म्हणून मी घिऊन जायचो, अन् तुझ्या फडक्यात बांधायचो. तुझ्या आईनं शपथ घातली हुती. म्हणली, पोरीला सांगू नका, गाईची म्हणल्यावर ती खायाची न्हाई." त्यांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. "पैली तुझीच हुती. लोणंदला मी सांगतो, पोरगी कामात हाय म्हणून."