तापलेलं इंजिन

केरबाच्या लाँचचं इंजिन थंड असलं की चावी फिरवताच सुरू व्हायचं. पण एकदा तापलेलं बंद केलं, की रुसलेल्या जावयासारखं फुगून बसायचं. अर्धा-पाऊण तास मनधरणी केल्याशिवाय हूं की चूं करायचं नाही. दसऱ्यापासून हे थेर चालले होते. फौजेत सतरा वर्षं गाड्यांची इंजिनं खोलून बसवलेल्या माणसाला, कोयनेच्या पाण्यात माणसांची ने-आण करणाऱ्या एका डिझेल इंजिनानं भर प्रवाशांत तोंडघशी पाडावं, याचा केरबाला मनस्वी संताप यायचा.

उंब्रजच्या लालासाहेब मेकॅनिकनं पंप खोलून पाहिला, नोझल बदलले, फिल्टर दोनदा बदलला आणि शेवटी हात टेकले. मग केरबानं स्वतःच निदान केलं. पंप तापतो, डिझेल पातळ होतं, दाब बसत नाही. उपाय काय, तर पंपावर ओलं गोणपाट टाकायचं आणि निवेपर्यंत थांबायचं. थांबलं की इंजिन सुरू व्हायचंच, त्यामुळं निदानाबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. गडी एकदा ठरवून बसला की ब्रह्मदेव आला तरी ऐकणारा नव्हता.

त्या दिवशी मात्र थांबायला वेळ नव्हता. त्याच्या लेकीची, अंकिताची, पोलीस भरतीची मैदानी चाचणी होती. साताऱ्यात नऊच्या आत मैदानाच्या फाटकातून आत जायचं होतं. त्यासाठी बामणोलीची सातची एसटी गाठायला हवी होती. दोन वर्षं ही पोरगी उजाडायच्या आत पाण्याकडेच्या वाटेनं धावत होती, गोळाफेकीसाठी गावातल्या पोरांची टिंगल झेलत होती. लेखीचा अभ्यासही चालू होता. वयाची अट पाहता तिला ही शेवटचीच संधी होती.

लाँच पावणेसहाला निघाली. मधल्या थांब्यावर आक्काताई नावाची म्हातारी दोन कोंबड्या घेऊन चढली आणि लाँच पुन्हा निघाली, तोच पाण्याखाली पंख्यात कुणाचं तरी मासेमारीचं जाळं अडकलं. पंख्यात हात घालायचा तर इंजिन बंद करणं भागच होतं. केरबानं दात-ओठ खात चावी काढली, पाण्यात उतरून कोयत्यानं जाळं कापलं आणि वर येऊन चावी फिरवली. इंजिन नुसतं घरघरलं.

"झालं!" केरबा ओरडला. "आली ह्येची घटका!"

पुन्हा चावी. पुन्हा घरघर. त्यानं गोणपाट भिजवून पंपावर टाकलं, त्यातून वाफ निघाली. घाईघाईत त्याचा हात तापलेल्या नळीला लागला आणि पंजावर टरारून फोड आला. त्यानं इंजिनाच्या सात पिढ्या उद्धारल्या.

"आबा," अंकिता घड्याळ बघत म्हणाली, "टाकीचं झाकण उघडून बघा की. काल मी डिझेल भरत हुते, तवा झाकण लय घट्ट ओढलं जात हुतं. उघडलं तर फुस्स करून आवाज आला."

"अंके, डिझेल भरायला शिकलीस म्हंजी इंजनातलं कळायला लागलं व्हय?"

"आवं, पण बघायला काय जातंय?"

"पंप तापलाय! मला शिकवू नगंस. बस तिकडं."

केरबाच्या मनात एकदा आलं, की उघडून बघावं. पण मग इतके दिवस आपण, लालासाहेब, सगळे झक मारत होतो असं निघालं तर? त्यानं तो विचार झटकून टाकला आणि गोणपाट पुन्हा भिजवलं.

"आरं केरबा," आक्काताई म्हणाली, "पोरगी म्हंती तर बघ की रं एकदा."

"तुमी कोंबड्या सांबाळा, आक्काताई."

सात वाजून दहा मिनिटांनी इंजिन सुरू झालं. "बघितलंस? निवलं की झालं," केरबा म्हणाला. बामणोलीला पोचेतो एसटी गेलेली होती. एक दूधवाला टेम्पो निघाला होता, त्यात मागं दुधाच्या कॅनांच्या मधे बसून ती गेली.

केरबा चिडचिड करत काठावरच डिझेलचा कॅन घेऊन टाकी भरायला बसला. झाकण फिरेना. जोर लावला तेव्हा फुस्स करून हवा आत गेली. तो जागच्या जागी थबकला. झाकणाला मधोमध सुईएवढं भोक असतं. डिझेल खाली जाईल तशी त्यातून आत हवा यायला हवी. ती आली नाही, तर डिझेल टाकीतच अडकून बसतं. अर्धा-पाऊण तास थांबलं की झाकणाच्या कडेनं हवा हळूहळू आत झिरपायची, म्हणून इंजिन सुरू व्हायचं. झाकणावर लाल स्वस्तिक होतं. खंडेनवमीला इंजिनाची पूजा केली, तेव्हा कुंकू डिझेलनं पुसून जातं म्हणून केरबानंच ते यंदा तेलरंगात काढलं होतं, चांगलं जाडजूड, अगदी मधोमध. मांडी घालून, जीभ बाहेर काढून, अर्धा तास.

त्यानं टाचणीनं भोक मोकळं केलं. मग इंजिन अर्धा तास चालवून कडक तापवलं, बंद केलं, चालू केलं. तीनदा. तिन्ही वेळा ते बिनतक्रार सुरू झालं. तिसऱ्यांदा मात्र त्याला रडायलाच आलं.

दुपारच्या एसटीनं अंकिता परत आली. फाटक नऊला बंद झालं होतं, ती नऊ वाजून बारा मिनिटांनी पोचली होती. तिचे डोळे सुजले होते. केरबा बोलला नसता तर कुणाला काही कळणार नव्हतं. इंजिन तापलं, नशीब फुटकं, असं म्हणून सारं गाव हळहळलं असतं.

"अंके," केरबा म्हणाला, "इंजन तापलं न्हवतं. टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं हुतं. म्याच रंगानं बुजवलं हुतं, खंडेनवमीला."

ती बघतच राहिली. "म्या सांगितलं हुतं."

"व्हय."

"आक्काताईनं पण सांगितलं."

"व्हय. माझं चुकलं, पोरी."

अंकितानं त्याच्या पंजावरच्या फोडाकडं पाहिलं. मग म्हणाली, "आणि मी तिथं फाटकावर सायबाच्या पाया पडून सांगत हुते. माझ्या आबांनी लय धडपड केली, हात भाजून घेतला, त्यांची काय बी चूक न्हाई म्हणून."

केरबानं तो हात पाठीमागं घेतला. अंकिता लाँचमध्ये चढली नाही. काठावरच्या दगडावर बसून ती बुटांच्या नाड्या सोडू लागली.