कल्हई उडालेली थाळी

“अम्मा, देख ना, थाळीत मेरा मुँह दिखता!” लहानग्या मुजफ्फरचा तो आवाज अजून माझ्या काठाला चिकटून आहे.

मित्रांनो, मी तांब्याची एक जुनी थाळी आहे. लोहाऱ्यात चाँदपाशा कल्हईवाल्याच्या घरात राहते. भट्टीवर तापवून, नवसागर टाकून त्यानं कथलाचा हात फिरवला की मी चांदीसारखी उजळायची. पाहुणा आला की त्याची बायको फातिमाबी मलाच पुढं मांडायची. या घरची एक रीत होती: पाहुण्याच्या हातात घास असेपर्यंत दुःखाची गोष्ट काढायची नाही.

त्यांचा मुजफ्फर मोठा झाला, वायरमन होऊन परदेशी गेला. तिथं एका सेनापतीचं राज्य. सोबतच्या कामगारांना पोलीस मारत होते, ते यानं मोबाईलवर टिपलं. त्यालाच उचललं. ना कोर्ट, ना फोन.

मग भूमचे प्रसेनजितसाहेब आमच्याकडं आले. मानवी हक्कांवर त्या सरकारशी बोलणी करणाऱ्या शिष्टमंडळाचे ते सचिव. आपल्या जिल्ह्याचा माणूस! फातिमाबीनं मला लखलखीत घासलं, गरम भाकरी वाढली.

“चाचा, थाळी आहे की आरसा?” साहेब म्हणाले.

“मग! कल्हई कुणाची हाय!” चाँदपाशा लई दिवसांनी हसला.

हात धुताच साहेबांनी घड्याळ पाहिलं. “बोलणी चालू आहेत, चाची. तुम्ही पेपरात मात्र जाऊ नका. चारचौघांत बोललं की ते लोक चिडतात.”

दारी आलेल्या पत्रकाराला चाँदपाशानं चहा पाजून परत पाठवलं. दुसऱ्या वर्षी साहेब पुन्हा आले. त्या वेळी मटण होतं; उत्तर तेच.

चाँदपाशाची भट्टी विझली. गावाची भांडी उजळणाऱ्याला घरची थाळी दिसेना. माझी कल्हई उडाली, काठ हिरवा पडला, माझ्यात ठेवलेलं ताक तांबं उतरून कळकू लागलं. मला घासताना फातिमाबी गुणगुणायची:

थाळी घासते घासते, त्यात दिसंना गं मुख
दूरदेशीच्या लेकाचं कुणा सांगू बाई दुख

मित्रांनो, चकाकीवर भाळू नका. कल्हई म्हणजे पातळसा थर. तो उडाला की वेळीच बोला, नाहीतर खालचं विष अन्नात उतरतं आणि वाढणाराही गप्प, जेवणाराही गप्प.

परवा साहेब तिसऱ्यांदा आले. फातिमाबीनं मला त्यांच्यापुढं मांडलं.

“अगं, हिच्यात नको वाढूस, कळकंल!” चाँदपाशा ओरडला.

“वाढतच न्हाय मी.” ती समोर बसली. “हातात घास असला की इचारता येत न्हाय, साहेब. आज घासच न्हाय. माझ्या लेकराचं नाव तिथं कुणी घेतलं का?”

साहेब माझ्यात पाहत राहिले. त्यांना तोंड दिसलं नाही. शहरातली भाषा त्यांच्या ओठांवरून गळून पडली.

“न्हाय, चाची. एकदाबी न्हाय. यादीत पयलं नाव त्याचंच होतं. सेनापतीच्या पंगतीत वाईट दिसंल म्हणून म्याच खोडलं.”