हॉर्न वाजला तरी न हलणारी माणसं

"तुमचा विश्वास बसणार नाही, म्हणून तर सांगतोय," मी म्हणालो. नातवंडं पुढे सरकली. आमची ही मटार सोलत बसली होती. तिने मान वर केली नाही.

"मोटारींचे हॉर्न बनवायचा आमचा कारखाना. मालक माझा लंगोटीयार. आत गेलं की 'मालक', बाहेर पडलं की 'गाढवा'. सुरुवातीला पत्र्याची शेड, आम्ही दोघं आणि एक बॅटरी. हॉर्न जोडायचा, बॅटरीला लावायचा, मागचा स्क्रू फिरवत आवाज जमवायचा. दिवसभर पें पें! शेजाऱ्यांनी घरं बदलली. कावळ्यांनीसुद्धा झाड सोडलं."

"कावळ्यांनी?" धाकटीने विचारलं.

"बाडबिस्तरा घेऊन जाताना मी स्वतः पाहिलेत! तर या कामानं आम्हाला एक खोड लागली. मागून हॉर्न वाजला की शहाणी माणसं बाजूला होतात. आम्ही जागच्या जागी उभं राहून ऐकायचो. एकदा अशीच मागून एक लांबलचक गाडी आली. वाजवतेय, वाजवतेय. मालक म्हणाला, 'घसा बसलाय याचा.' मी म्हणालो, 'घसा कसला, स्क्रू ढिला आहे.' भर रस्त्यात जुंपली आमची. शेवटी गाडीतले साहेब उतरले. 'बहिरे आहात का?' मालक म्हणाला, 'साहेब, आधी बॉनेट उघडा, मग ओरडा.' ते निघाले मोटार कंपनीची खरेदी बघणारे! पोट धरधरून हसले आणि कंपनीच्या सगळ्या गाड्यांच्या हॉर्नचं काम आम्हाला देऊन टाकलं."

"मग?"

"मग काय! शेडची इमारत झाली. माणसं एवढी, की जेवणाच्या सुट्टीत टेकायला भिंत पुरेना. दुसरं गिऱ्हाईक आलं तर मालक दारातूनच परत पाठवायचा. मी म्हणायचो, 'गाढवा, सगळं एकाच खुंटीला टांगू नकोस.' तो म्हणायचा, 'खुंटी भक्कम आहे रे.' होतीही. पण साहेब निवृत्त झाले, कंपनीने नवी गाडी काढली आणि हॉर्न, दिवे, वायरी सगळं एकाच बड्या कारखान्याकडून घ्यायचं ठरवलं. आमचा ट्रक आधी रोज जायचा, मग आठवड्यानं, मग त्याच्या चाकांखाली गवत उगवलं.

"एका संध्याकाळी मालक घरी आला. चहाचा कप हातात घेतला, पण प्यायला नाही. म्हणाला, 'उद्या कुलूप लावायचंय. माझ्या एकट्याच्यानं नाही व्हायचं. तू ये.'"

मटार सोलणारे हात थांबले. मी घाईघाईनं पुढे निघालो.

"गेलो ना! उरलेले सगळे हॉर्न अंगणात मांडले, एका बटणाला जोडले. मालकानं माझा हात धरून बटणावर ठेवला. असा आवाज झाला म्हणून सांगू, वरून चाललेलं विमान बाजूला सरकलं! सगळी माणसं रडत होती. मालक तेवढा माझ्या खांद्यावर हात टाकून हसत होता. म्हणाला, 'गाढवा, तू आलास म्हणून...'"

"पुरे," ही म्हणाली. "कावळ्यांच्या मारा, विमानाच्या मारा. ही थाप नको."

पोरं तिच्याकडे वळली.

"त्या दिवशी तुम्ही आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडला होतात. तुमचे मालक, भावजी, तुम्हाला न्यायला आलेले, दारात ताटकळत उभे. ताप आलाय म्हणून मी सांगितलं, तर म्हणाले, 'थांबतो की, उतरेल.' दुपार कलली तेव्हा कुठे गेले. हॉर्न वाजले, तेवढं खरं. ते तुम्ही इथून ऐकलेत, कानावर उशी दाबून."