बाबांची शपथ

“बनू, लायनीवर कवाच पाय ठेवायचा न्हाई. घे माझी शपथ.” रेल्वेत गँगमन असलेल्या बाबांनी असं बजावलं, तेव्हा बनुबाई सात वर्षांची होती. पुढं रूळ निघाले, बाबाही गेले आणि त्या जागी बारमाही चालायची छान वाट झाली. बनुबाई मात्र देवळालाही सडकेनं वळसा घालूनच जायची. घेतलेली शपथ मोडायची कशी?

आता शेजारच्या अख्तरबीचा गुडघा बदलला होता. डॉक्टरांनी तिला रोज चालायला सांगितलं होतं, पण सडकेवर सतत उसाच्या ट्रॉल्या. “तुला मी रोज जुन्या लायनीच्या वाटेवरनं फिरवून आणीन,” असं बनुबाई दवाखान्यात बोलून बसली आणि तेव्हापासून तिच्या घशाखाली घास उतरेना. शेवटी ती बाबांचे कामावरचे जोडीदार सयाजीकाका यांच्याकडं गेली आणि तिनं शपथेचा पेच सांगितला.

काकांनी कपाळाला हात लावला. “आगं, शेवटच्या दुखण्यात, तू पोचायच्या आधी तुझा बाप म्हनला हुता, रूळ गेलं, आता बनूला खुशाल चालू दे. सांगायचं मीच इसरलो बघ.”

“बारा वर्सं वळसा घालतीया मी, काका.”

“मग लय पुण्य साठलं असंल.”

बनुबाईला हसू आलं. छातीवरचा धोंडा उतरला. तिनं देवाला हात जोडले, पदर सावरला आणि ती लगोलग अख्तरबीच्या दाराकडं निघाली.