मोहनावर थांबायचं

बुद्धपौर्णिमेला आमच्या चेंबूरच्या विहारात सगळ्यांचं जेवण असतं. प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो आणि जेवणं उरकली की महिला मंडळाच्या इरावतीताई माइक घेऊन कुणी काय केलं ते सांगतात. नाव आलं की टाळ्या. माझंही नाव दरवर्षी येतं. "कागदी प्लेटा आणि ग्लास, आपली चेतना!" त्यावरही लोक टाळ्या वाजवतात, आणि त्या टाळ्यांचा मला भयंकर राग येतो.

लग्नानंतर पहिल्याच वर्षी मी विहारासाठी केलेली खीर खाली लागली होती. गॅस मोठा करून ठेवणारा माझा नवरा सम्यक होता, पण हे सांगायचं कुणाला? तेव्हापासून मी प्लेटावाली. साकीनाक्याच्या ऑफिसात मी अख्खं डिपार्टमेंट सांभाळते, पण विहारात मला कुणी साधा पापडही तळू देत नाही. मला एकदा, फक्त एकदा, माइकवर खायच्या पदार्थाबरोबर माझं नाव ऐकायचं होतं.

या वर्षी मी स्वतःच ताईंना फोन केला. म्हटलं, "ताई, या वेळी गोड मी आणते."

"आण ना. खीर तर आपली आहेच, तुझं जास्तीचं होईल," ताई म्हणाल्या. "आणि प्लेटापण घेऊन ये गं. आपल्याला टेन्शन नको."

डोकंच फिरलं माझं. त्याच क्षणी ठरवलं, असं काहीतरी करायचं की खिरीकडे कुणी बघणार नाही. ऑफिसात एकीनं आंब्याचं क्रम्बल आणलं होतं, ते मला फार आवडलं होतं. खाली फळांच्या फोडी, वर पीठ, लोणी आणि साखर एकत्र चोळून केलेला भुगा, आणि मग ओव्हनमध्ये खरपूस भाजायचं. सोपं वाटलं.

आदल्या दिवशी करून बघायला घेतलं. मैद्याला बटर चोळलं, भुगा छान झाला. माझ्या सासूबाई, शकुताई, शेजारीच उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "घाल आता दूध," आणि खरं सांगते, माझा हात आधीच दुधाच्या वाटीवर गेला होता. दरवर्षी दिवाळीला आम्ही दोघी शंकरपाळे करतो. पिठाला मोहन चोळायचं, मूठ वळते का बघायची आणि दुधात भिजवायचं. हाताला तेच वळण. गोळा होऊन गेल्यावर मला कळलं की मी काय केलं. तो गोळा थापून आंब्यावर पसरला आणि भाजला. सम्यकनं वरून चमचा वाजवला आणि म्हणाला, "अगं, टाइल बसवलीस का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरुवात केली. सासूबाईंना, म्हणजे मी ज्यांना आई म्हणते त्यांना, आधीच बजावलं, "हे भिजवायचं नाही. भुगाच राहू द्यायचा." त्या हो म्हणाल्या. तेवढ्यात इरावतीताईंचा फोन आला, प्लेटांची आठवण करून द्यायला. बोलून परत येते तर ओट्यावर ओलं फडकं, आणि फडक्याखाली गुळगुळीत, देखणा गोळा!

"तू फोनवर होतीस, म्हटलं मळून ठेवते," आई म्हणाल्या. "कोरडं पडलं होतं गं."

"आई! मी सांगितलं होतं ना तुम्हाला!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की सम्यक दाढी अर्धी टाकून बाहेर आला.

आईंनी फडकं परत गोळ्यावर ओढलं. मग हळूच म्हणाल्या, "लोकांना काय पीठ खायला घालणार? परत हसतील ते तुला. मला नाही बघवत."

मग माझ्या लक्षात आलं, प्लेटांच्या टाळ्या त्यांनाही टोचत होत्या. राग गेला माझा, पण भीती वाढली. बटर संपलं होतं. आंबे चिरून ठेवलेले. सम्यक दुकानात पळायला निघाला, तेवढ्यात मी म्हटलं, "थांब." आणि फ्रीजमधलं घट्ट तूप काढलं.

तूप मैद्यात चोळलं, मूठभर रवा टाकला, साखर, वेलची, चिमूटभर मीठ. मूठ वळून बघितली. वळली. बोटानं दाबली, भुगा झाला. हे आमचंच मोहन होतं! आयुष्यभर आम्ही इथवर येतो आणि दूध ओतून पुढे जातो. आज फक्त इथं थांबायचं होतं.

"सम्यक, दुधाचं पातेलं बाहेर ने," मी म्हटलं. त्यानं ते टीव्हीजवळ नेऊन ठेवलं. मी भुगा आंब्यावर पसरून ट्रे ओव्हनमध्ये सरकवला. आई हात पदरात गुंडाळून खुर्चीवर बसल्या आणि ओव्हनकडे टक लावून बघत राहिल्या. तुपाचा वास सुटला तसं त्यांच्या तोंडून निघालं, "बाई गं!" माहुलच्या रिफायनऱ्यांकडून वारा आला की आम्ही खिडक्या लावून घेतो, त्या दिवशी मी मुद्दाम सताड उघड्या ठेवल्या. येऊ दे वास सगळ्या बिल्डिंगला.

संध्याकाळी वंदना झाली, जेवणाची रांग लागली. आईंनी वाढायचा चमचा माझ्या हातातून काढून घेतला आणि स्वतःच सुरू झाल्या, "कंबल घ्या, आंब्याचं कंबल!"

"क्रम्बल, आई."

"तेच. आंब्यावर पांघरलंय ना, मग कंबलच."

लोक आधी हसले, मग खाल्लं. सगळीकडे कुरुमकुरुम आवाज ऐकू यायला लागला. माणसं खिरीच्या पातेल्यासमोरून सरळ पुढे येत होती, काही जण दुसऱ्यांदा. इरावतीताई स्वतः वाटी घेऊन आल्या आणि ट्रेच्या कोपऱ्यातलं खरपूस तेवढं खरवडून घेऊन गेल्या. मी इतकी खुश होते की माझं जेवायचंच राहिलं.

मग माइक सुरू झाला. भात झाला, उसळ झाली. मी माइकच्या जवळ सरकले.

"आणि आजचं आंब्याचं गोड," इरावतीताई म्हणाल्या, "एकदम झकास! आपल्या शकुताईंच्या हातचं!"

टाळ्या कडकडल्या. एवढं चांगलं झालंय म्हणजे सासूनंच केलं असणार, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

"ए इरावती, थांब!" आई सगळ्यांसमोर उभ्या राहिल्या. "माझं नाही ते. मी तर दूध घालून वाट लावली होती. ही माझ्यावर ओरडली म्हणून वाचलं सगळं. परत सांग, नीट सांग. चेतनानं केलंय."

विहार हसला. इरावतीताईंनी माइक तोंडाजवळ घेतला. "आंब्याचं कंबल," त्या म्हणाल्या, "चेतनाच्या हातचं!"

या टाळ्या मी उभी राहून घेतल्या. सगळ्यांना जय भीम केला आणि आईंना घट्ट मिठी मारली.

"सोड गं, लोक बघतायत," त्या म्हणाल्या.

"बघू देत," मी म्हटलं आणि सोडलं नाही.