माईच्या ओट्यावरचा फोटो

मी एक जुना कॅमेरा आहे. बोईसरला प्रदीपच्या फोटो स्टुडिओत काचेच्या कपाटात असतो. माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला म्हणे. मला काही आठवत नाही. आठवतात ती इथली वर्षं. तारापूरच्या कारखान्यांत नव्यानं लागलेल्यांचे पासचे फोटो, हळदी, लग्नं, बारशी. काय तो थाट होता! मी दिसलो की माणसं केस सारखे करायची. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आला आणि मला कुणी विचारेना. आता त्याचं वाईटही वाटत नाही.

तरी सरकारी अर्जाचं काम असलं की प्रदीप मलाच बाहेर काढतो. गेल्या वर्षी जवळच्या पाम गावचा आत्माराम आला. त्याची बायको काविळीनं गेली होती. मागे आठ वर्षांची दीपा, आणि याची कारखान्यात दुपारची पाळी. एकट्या आईला किंवा बापाला मूल सांभाळायला सरकार दरमहा मदत देतं, हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. ती मिळाली तर शेजारची माई दीपाला पाळीभर ठेवून घेणार होती. नाहीतर पोरीला माकुणसारला आत्याकडे धाडणं भाग होतं.

अर्जाला बापलेकीचा स्वतःच्या घरासमोरचा फोटो हवा होता. प्रदीप मला घेऊन पामला गेला, तर आत्माराम आपल्या कुडाच्या घरापुढे उभाच राहीना.

"इथं नको, भाऊ. माईच्या ओट्यावर काडा."

"अरे, घर तुझंच दिसायला हवं!"

"दीपाची आय म्हनायची, लोक हसतील. पक्कं घर होईस्तवर या दारात फोटो नाय. तिचं येवडं तरी ऐकतो."

माईच्या फरशीच्या ओट्यावर बापलेक ताठ उभी राहिली. फोटो झकास आला.

दोन महिन्यांनी चौकशीला एक बाई आल्या. फोटो हातात धरून त्यांनी दोन्ही घरं पाहिली. फोटोतलं घर अर्जदाराचं नाही, असा शेरा पडला आणि अर्ज परत आला. करायला गेला एक आणि झालं भलतंच! माईनं तोवर फुकट सांभाळलं, पण तिलाही पोट होतं. ती मासळी विकायला जाऊ लागली. दीपा आत्याकडे गेली.

नव्या अर्जासाठी एका रविवारी तिला तासाभरापुरतं आणलं. या वेळी आत्माराम मुकाट्यानं आपल्या दारात उभा राहिला. दीपाच्या पाठीवर दप्तर होतं.

"ते खाली ठेव, बाळा," प्रदीप म्हणाला.

"नको. परत जायचंय."

प्रदीपनं बटण दाबलं.

मित्रांनो, मला पुसा, जपा, असं मी म्हणणार नाही. माझं व्हायचं ते होईल. एवढंच करा, कुणाच्या कुडाच्या भिंतीला हसू नका. तुम्ही हसता आणि माणूस दुसऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो.

मदत गेल्या महिन्यात मंजूर झाली. आत्माराम दीपाला आणायला गेला, तर आत्या म्हणाली, "पोर रुळली हितं. आता नको नेऊस." तो चहा पिऊन परत आला.